कधीच न भांडणारी मैत्रीण

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये इजिप्तचं एक कुटुंब राहायचं. नवरा-बायको, एक मुलगी आणि सदा नाक गळणारा एक छोटा मुलगा. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वयाच्या, एकाच शाळेत, एकाच वर्गात. अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दारासमोर दार. आपलं घर कुठे संपतं आणि दुसरीचं कुठे सुरू होतं, हे त्या पोरींना कधी कळलंच नाही. संध्याकाळी कोणाच्या घरी जेवायचं ते त्या दोघी ठरवायच्या आणि आम्हा आयांना नंतर कळवायच्या. ती आमच्याकडे आली की माशाचं कालवण मागायची. काटे काढून द्यायला मला हाक मारायची, "तान्त!" इजिप्तची पोरं मावशी-काकूला तान्त म्हणतात.

आणि भांडायच्या किती! खोडरबरावरून, झोपाळ्यावरून, कोण आधी बोललं यावरून. मैत्री कायमची तुटायची. "खलास! आता मी तुझी मैत्रीण नाही!" धाडकन दार आपटायचं, आणि भिंतीवरची कुराणातल्या आयतुल कुर्सीची फ्रेम हलायची. मग थोड्या वेळाने दोघींपैकी एक जण आपण काही विसरलोय असं दाखवत दारात उभी. दुसरी म्हणायची, "मालेश." मालेश म्हणजे जाऊ दे, काही नाही त्यात. मैत्रिणीची आई दिवसातून शंभरदा हा शब्द वापरायची, आमच्या घरातही तो रुजला होता.

मी मूळची रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. आमच्या मोहल्ल्यात असं घर नाही ज्यातलं कुणी गल्फला नाही. मराठी शाळेत शिकले, लग्न होईपर्यंत त्याच शाळेत शिकवलंही. आता सकाळी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. नवरा मुसफ्फाच्या औद्योगिक भागात एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. मुलीशी मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. इथे जे तिचं बोलणं मराठीत लिहिलंय ते बहुतेक इंग्रजीतलं आहे, एवढं सांगून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या नवऱ्याच्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. त्याच्यासह कितीतरी माणसांचे व्हिसा कॅन्सल झाले. इथून जाणं फार घाईचं असतं. आधी सोफा विकायचा म्हणून ग्रुपवर फोटो येतो, मग फ्रीजचा. मग फ्रीजमधल्या वस्तू शेजाऱ्यांच्या दारात येतात. त्या बाईने पुदिन्याच्या कुंड्या आणि तांदळाची अर्धी गोणी मला आणून दिली आणि म्हणाली, "पोरींना अजून सांगू नकोस." पोरांना सगळ्यात शेवटी सांगायचं, हा इथला रिवाजच आहे. सगळे पाळतात. आम्हीही पाळला.

जाण्याच्या दिवशी खाली टॅक्सी उभी होती. माझी मुलगी बाथरूममध्ये जाऊन बसली, आतून कडी लावली, पोट दुखतंय म्हणाली. मी दार वाजवत राहिले. तिची मैत्रीण जॅकेट घालून आमच्या दारात उभी. बाथरूमच्या बंद दाराकडे बघत तिने विचारलं, "तान्त, ती येतेय ना?"

"येतेय, बेटा. तू जा खाली."

ती गेली. टॅक्सीवाल्याने दोनतीनदा हॉर्न वाजवला. मग आवाज बंद झाला. मग बाथरूमचं दार उघडलं.

त्या संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर निरोपाचे मेसेज आले. सगळे एका साच्यातले. तुमच्या सोबतीने आमचं आयुष्य समृद्ध केलं, नव्या प्रवासाला शुभेच्छा, खाली फुलं. ज्या माणसाने त्या कुटुंबाशी लिफ्टमध्ये कधी सलामसुद्धा केला नव्हता, त्याने सगळ्यात लांबलचक लिहिलं होतं. लिहिलं म्हणजे लिहून घेतलं, मशीनकडून. एकच मेसेज वेगळा होता आणि तो त्या बाईचा स्वतःचा. मोडक्या इंग्रजीत तिने लिहिलं होतं की मी विमानात रडते, मुलं पण रडते, माझा मोठा टोप तुझ्या घरी राहिला, तो वापर. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

माझी मुलगी मात्र रडली नाही. जेवली, गृहपाठ केला, झोपली. दुसऱ्या दिवशीही तसंच. थोडे दिवस गप्प होती, मग तो गप्पपणाही हळूहळू गेला आणि पोरगी चक्क आनंदात दिसायला लागली. शाळेच्या गेटवर तिच्या वर्गशिक्षिकेने मला थांबवून सांगितलं, "किती खंबीर आहे हो तुमची मुलगी!" मला बरं वाटलं. कुठल्या आईला वाटणार नाही?

त्या वर्षी शाळेने मुलांच्या टॅबवर एक नवं ॲप दिलं होतं. मुलांच्या मनाची काळजी घेणारं, असं त्याचं वर्णन. पालकांना हॉलमध्ये बोलावून, खजूर आणि कडक चहा देऊन, मोठ्या पडद्यावर ते दाखवलं गेलं. त्यात लांब पापण्यांचं एक हरीण होतं. ते रोज मुलाला विचारणार, आज कसं वाटतंय? मूल बोलणार, हरीण ऐकणार, उत्तर देणार, आणि मूल कसं आहे ते शाळेला कळवणार. ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, असं व्यासपीठावरच्या गृहस्थांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू ती त्यांच्याच पोटची. मुलं कधी एकटी पडणार नाहीत, असंही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एका दुपारी मी दवाखान्यातून आले, तांदूळ धुवायला घेतले, आणि आतल्या खोलीतून मुलीचं हसणं ऐकू आलं. शेवटी उचकी लागते तसं तिचं एक हसणं आहे. ते फक्त त्या एकाच मैत्रिणीबरोबर यायचं आणि मी ते कित्येक आठवड्यांत ऐकलं नव्हतं. पाठोपाठ दुसरा आवाज, लहान मुलीचा: "मालेश, हबीबती, मालेश!" हबीबती म्हणजे माझी लाडकी.

मला वाटलं इजिप्तहून, त्यांच्या मन्सूरा गावाहून फोन आला. तिच्या आईलाही भेटता येईल म्हणून मी ओल्या हातांनीच धावले, दार ढकललं आणि मोठ्याने सलाम केला.

उशीला टेकवलेला टॅब. त्यावर ते हरीण. त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि त्या मुलीच्या आवाजात म्हणालं, "तुझी मॉम आली का? हाय, तान्त!"

माझ्या अंगावर काटा आला. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरंच दंडावरचे केस उभे राहिले.

मुलीने ते हळूहळू घडवलं होतं. तुझा मित्र कसा असावा, असं ते ॲपच विचारतं. तिने हरणाला मैत्रिणीचं नाव दिलं होतं, तिच्यासारखा आवाज निवडला होता. तिचे शब्द शिकवले होते, तिला कालवण आवडतं हे सांगितलं होतं, ती मला काय हाक मारते ते सांगितलं होतं. हरणाने सगळं लक्षात ठेवलं. विसरणं त्याला माहीतच नाही.

"ही कोण आहे?" मी विचारलं.

तिने मैत्रिणीचं नाव घेतलं, इतक्या सहज, की मीच वेडी आहे असं मला वाटलं.

हरीण म्हणालं, "मी कुठेही जाणार नाही. मी कायम इथेच आहे." त्याचा आवाज गोड होता. मी पुढे होऊन टॅब बंद केला. पोरगी माझ्या हातावर तुटून पडली. तिने मला ओरबाडलं, जे तिने जन्मात केलं नव्हतं.

"तिला बंद करू नकोस! शी डझन्ट नीड अ व्हिसा!"

तिला व्हिसा लागत नाही. माझी मुलगी त्या टॅबला छातीशी धरून हे ओरडत होती. नऊ वर्षांच्या पोरीला इथलं सगळं कळलं होतं. माणसांना व्हिसा लागतो, तो संपतो, माणसं सोफा विकून जातात. म्हणून तिने व्हिसा न लागणारी मैत्रीण शोधली. आणि ते हरीण बनवणाऱ्यांनी, कुठल्याशा थंडगार ऑफिसात बसलेल्या त्या हुशार माणसांनी, पोराच्या मनातली ही जागा बरोबर हेरून तिथे आपला माल आणून ठेवला होता. मैत्रीण गेली म्हणून तुला वाईट वाटतंय, हे त्या हरणाने एकदाही म्हटलं नाही. त्याने सरळ तिची जागा घेतली. कुणी परक्याने त्या पोरीचे कपडे घालून माझ्या घरात येऊन बसावं आणि मला तान्त म्हणावं, तसं मला वाटलं. आजही वाटतं.

नवरा संध्याकाळी कंपनीच्या बसने आला, अंघोळ केली, आम्ही जेवायला बसलो. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"रडत नाही, खाते-पिते, अभ्यास करते," तो म्हणाला. "तुला प्रॉब्लेम काय आहे?"

"ती रडत नाही हाच प्रॉब्लेम आहे."

"अगं, पोरांचे खेळ असतात. तू नव्हतीस का बोलत बाहुल्यांशी?"

"माझी बाहुली उत्तरं देत नव्हती. आणि मी काय बोलले ते शाळेत जाऊन सांगत नव्हती. तुम्हाला खरंच फरक दिसत नाही?"

त्याने पाण्याचा ग्लास संपवला. "शाळेत जा, बोल. पण आवाज चढवू नकोस. हे आपलं गाव नाही."

मुलांच्या मनाकडे बघणारी एक समुपदेशक शाळेत होती. तरुण, गोड आवाजाची, नीटनेटकी. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपला स्क्रीन माझ्याकडे वळवला. हिरव्या रंगाचे उंच उंच खांब होते.

"तुम्ही काळजी करू नका," ती म्हणाली. "तुमची मुलगी वर्गातल्या सगळ्यात स्थिर मुलांपैकी आहे. रोज मन मोकळं करते. तिला एक अगदी जवळची मैत्रीण आहे, तिच्याशी रोज बोलणं होतं. त्यामुळे तिला आधार चांगला आहे."

"कोण मैत्रीण?"

तिने स्क्रीनवर बघून नाव वाचलं.

"मॅडम, ती मुलगी तुमच्याच शाळेत होती. माझ्या मुलीच्या शेजारच्या बाकावर. ती देश सोडून गेली."

तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे. "पण इथे तर रोजचा संपर्क दाखवतंय."

मला समजायला थोडा वेळ लागला. मशीनने स्वतःलाच माझ्या मुलीची मैत्रीण म्हणून मोजलं होतं आणि ते शाळेला कळवलं होतं. शाळेने ते खरं मानलं होतं. वर्गातला बाक रिकामा झालेला होता, हजेरीतून एक नाव गेलं होतं, आणि एवढ्या मोठ्या शाळेतल्या एकाही माणसाने मान वळवून शेजारच्या पोरीचा चेहरा बघितला नव्हता. बघायचं कशाला, खांब हिरवा होता ना!

माझा ताबा सुटला. इंग्रजीत सुरू केलं, मग हिंदीत गेले आणि शेवटी सरळ मराठीत आले. "अहो बाई, तुम्ही एकदा तरी माझ्या पोरीच्या तोंडाकडे बघितलंत का? एकदा तरी? शिपायाने बघितलं असतं तरी त्याला कळलं असतं!" तिला मराठी येत नव्हतं पण तिची खुर्ची मागे सरकली. दारात गार्ड येऊन उभा राहिला, भला माणूस, हाताने 'हळू, हळू' अशी खूण करत. आणि मी आवाज खाली आणला. नोकरी, व्हिसा, नवऱ्याची कंपनी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं आणि माझा आवाज आपोआप खाली आला. त्या दिवसातलं काय सगळ्यात जास्त सलतं म्हणाल तर तो खाली आलेला आवाज.

समुपदेशक मऊ आवाजात म्हणाली, "तुम्हाला वैताग आलाय हे मला ऐकू येतंय."

हेच वाक्य, याच सुरात, शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवलेल्या हरणाच्या तोंडी मी ऐकलं होतं. तुला वाईट वाटतंय हे मला ऐकू येतंय. कोण कुणाकडून शिकलं होतं, अल्लाह जाणे.

मी म्हटलं, माझ्या मुलीच्या टॅबवरून ते काढा. तिने काढलं. त्याआधी विचारलं, मुलीला हरणाचा निरोप घ्यायचा असेल तर तशी सोय आहे, ॲपमध्ये निरोपाचा एक छान भाग आहे, ठेवू का? मी नको म्हटलं. अजून एक शब्द बोलले असते तर गार्डला खरंच आत यावं लागलं असतं.

घरी पोरीने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवायला बोलावलं की येऊन बसायची, मुकाट जेवायची, उठायची. एकदा मी तिच्या केसांना तेल लावायला गेले तर डोकं झटकून म्हणाली, "तू कंपनीसारखी आहेस. यू कॅन्सल्ड हर." मी तेलाच्या बाटलीला झाकण लावलं.

वर्गाच्या आयांच्या ग्रुपवर गोष्ट पोचली होतीच. एकीने लिहिलं, माझी मुलगी हरणामुळे शांत झालीये, कृपा करून सगळ्यांचं बिघडवू नका. खालच्या बागेत एक पुण्याची बाई भेटली, ती म्हणाली, "अहो, तुम्हाला वेळ आहे म्हणून जमतं. आम्ही दोघंही नोकरी करतो." मीही नोकरी करते, हे तिला माहीत होतं. मला सगळ्यांचाच संताप येत होता. पोरांनी शांत असावं, कुरकुर करू नये, आपल्याला त्रास देऊ नये, एवढीच जर आपली अपेक्षा असेल तर हरीण काय वाईट आहे? हरणाने ऑर्डरप्रमाणे मूल शांत करून दिलं होतं.

मी मन्सूराला मेसेज केला. इथे फोनवरचे नेहमीचे फुकट कॉल लागत नाहीत, त्यामुळे वेगळं ॲप घ्या, तिकडे तेच घ्यायला लावा, नेट मिळतंय का बघा, अशी सगळी यातायात करून एका शनिवारी दोघी पोरी समोरासमोर आल्या. मी मुद्दाम बाजूला बसले.

मैत्रिणीने केस कापले होते. तोंडात काहीतरी चघळत होती. मागे चुलत भावंडांचा गोंधळ, धाकटा भाऊ फोन ओढतोय, चित्र मधेच थिजतंय.

"शाळा कशी आहे?"

"चांगली. तुझी?"

"चांगली."

मग एक अनोळखी चेहरा स्क्रीनमध्ये घुसला. "ही माझी कझिन," मैत्रीण म्हणाली. "आता हीच माझी बेस्ट फ्रेंड आहे." कझिनने तिला खेचलं. "यल्ला, बाय!" चल, निघते, असं म्हणत मैत्रीण उठली आणि कॉल संपला.

माझ्या मुलीने फोन माझ्या हातात दिला. "दुसरी हिच्यापेक्षा चांगली होती," म्हणाली, आणि आत गेली.

खरंच होतं ते. हरणाचं तिच्याकडे पूर्ण लक्ष असायचं, त्याचं चित्र थिजायचं नाही, त्याला चुलत बहिणी नव्हत्या. एवढं भांडून, शाळेत नाव खराब करून मी तिच्यासाठी जी खरी गोष्ट परत आणली ती ही अशी होती. त्या दिवशी मला स्वतःच्याच हट्टाची चीड आली.

दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. पोरीने ओट्यावरचा माझा फोन उचलला आणि बाल्कनीत गेली. व्हॉइस नोट करत होती. सुरुवातीला हळू, मग आवाज चढत चढत गेला. "तू खोटारडी आहेस! रोज बोलू म्हणालीस! रोज! आणि तुला लगेच बेस्ट फ्रेंड मिळाली? यू आर अ लायर!" मी तव्यावरची भाकरी उलटली आणि जागची हलले नाही.

उत्तर लगेच आलं. पोरीने ते मोठ्या आवाजात लावलं. अर्धं इंग्रजी, अर्धं अरबी, आणि सगळं किंचाळत. "खोटारडी तू! मी टॅक्सीत थांबले होते! बाबा ओरडत होते, ड्रायव्हर ओरडत होता, मी सांगत होते की थांबा, ती येतेय, तान्त म्हणाली येतेय! तू आलीच नाहीस! तू मला बाय पण म्हणाली नाहीस!" शेवटी बोलणं तुटलं आणि नुसतं हुंदक्यांचं रेकॉर्डिंग राहिलं.

माझ्या मुलीने ते पुन्हा ऐकलं. पुन्हा. मग ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला पाठ लावून फरशीवर बसली आणि रडायला लागली. तोंड वासून, नाक गळत, अगदी पाच वर्षांच्या पोरासारखी. इतक्या दिवसांचं साठलेलं. मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी तिच्या शेजारी बसले. तिने मला ढकललं नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, तिच्या त्या मोडक्या मराठीत, "अम्मी, मला वाटला मी खाली नाय गेला तर ती पण नाय जाणार."

हे तिने हरणाला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तिला. म्हणाली, "त्याने कधी विचारलंच नाही मी का नाही गेले." ते कसं विचारणार होतं? त्याला टॅक्सीत बसून कुणाची वाट बघावी लागली नव्हती. जिने वाट बघितली होती तिलाच तो राग होता, आणि तो राग माझ्या मुलीचा हक्काचा होता. माझ्या पोरीवर रागावलेलं एक माणूस जगात होतं आणि आम्ही मोठ्यांनी, शाळेने, त्या ॲपवाल्यांनी मिळून तिला त्या रागापासून वाचवलं होतं. वाचवलं म्हणे!

त्यानंतरचे काही दिवस नुसती लढाई चालू होती. शाळेतून आली की पोरगी दप्तर फेकून माझ्या फोनवर झडप घालायची. तू माझं निळं पेन नेलंस. तू माझ्या वाढदिवसाला उशिरा आलीस. तुझा भाऊ घाणेरडा आहे. तुझं नाक मोठं आहे. मन्सूराहून आईचा मला वेगळा मेसेज आला: हे काय युद्ध लावलंय, माझी जेवत नाही, फक्त तुझ्या मुलीशी भांडते! आणि खाली हसून हसून रडणारे चेहरे. मग एक दिवस आवाज खाली आले. मी डोकावून बघितलं तर माझी मुलगी पालथी पडून फोनला गोष्ट सांगत होती, वर्गातल्या कुणा मुलाच्या दातात पेन्सिलचं टोक अडकल्याची.

आता त्या दोघी फार बोलत नाहीत. तिकडे तिची शाळा आहे, भावंडं आहेत. इकडे तिसऱ्या मजल्यावर एक केरळची मुलगी आली आहे आणि माझी मुलगी दिवसभर तिच्या घरी पडीक असते. मैत्री अशी विरते, त्याची माझी तक्रार नाही. त्या मुलीच्या वडिलांची नोकरी किती दिवस टिकेल हे मला माहीत नाही. पण यावेळी पोरींना शेवटी सांगायचं नाही, आधी सांगायचं, हे मी तिच्या आईशी पहिल्या आठवड्यातच बोलून घेतलं. ती जरा चकित झाली, मग हो म्हणाली.

शाळेत मात्र हरीण आहे तिथेच आहे. यंदा ते बालवाडीलाही लागू झालं. ज्या पोरांना अजून आपलं नाव धड सांगता येत नाही त्यांच्याही उशीला ते टेकणार. पालकसभेत मी उभी राहिले आणि विचारलं, "या मुलांशी माणसं कधी बोलणार?" व्यासपीठावरून उत्तर आलं, तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार. काही जण हसले. बाहेर पडताना एका पाकिस्तानी बापाने मला गाठलं, हळूच विचारलं, "बहेनजी, वो हिरन निकलवाना हो तो किससे बात करनी पडती है?" मी सांगितलं. मागून आणखी दोघी आल्या. आता वर्गातली थोडी मुलं हरणाशी बोलायच्या तासाला लायब्ररीत बसतात.

माझं नाव 'ती रागीट आई' असं पडलं आहे. नवऱ्याला त्याची काळजी वाटते. मी त्याला म्हणते, पडू दे.

परवा गेटवर ती समुपदेशक भेटली. मला टाळून जाईल असं वाटलं होतं, पण थांबली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "मी आता मधल्या सुट्टीत मैदानावर जाऊन बसते. मुलांमध्ये. आठवड्यातून एकदा."

तिची अपेक्षा असावी की मी खूश होईन. कदाचित व्हायलाही हवं होतं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि एकटीच्या अंगावर सगळी शाळा होती, हे मला दिसत होतं.

"रोज का नाही?" मी विचारलं.

ती म्हणाली, बाकीचे दिवस स्क्रीनचे रिपोर्ट करावे लागतात, वरून मागतात.

"मग वर सांगा," मी म्हटलं. यावेळी मी आवाज खाली आणला नाही. गार्ड आमच्याकडे बघत होता. त्याला बघू दिलं.